ड्रोनच्या मोडक्या हातामागे चार दिवस

वर्ध्याला चार दिवस राहून आले म्हटल्यावर पुण्यात जो तो एकच विचारतो, आश्रम पाहिलास का? नाही पाहिला. फाट्यावरून दोनदा गेले, दोन्ही वेळा रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं आणि दोन्ही वेळा मी त्याला घड्याळ दाखवलं. एका जागी बसणं मला तसंही जमत नाही, आणि या चार दिवसांत तर पायाखाली निखारे असल्यासारखी मी फिरत होते. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची यादी हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

गेले कशाला, ते आधी सांगते. माझी नोकरी मारण्याची आहे. कार्बन फायबरचं नाव तुम्ही महागड्या सायकलींमुळे ऐकलं असेल. काळ्या धाग्याचं कापड, त्याचे थर एकावर एक रचायचे, राळ भरायची आणि भट्टीत भाजायचं. वजनाला हलकं आणि ताकदीला भक्कम. खोड एकच, मार बसला की ते दाखवत नाही. पत्र्याला पोचा पडतो, लाकडाला चीर जाते. हे मात्र वरून गुळगुळीत राहतं आणि आतले थर चिरोट्याच्या पदरांसारखे सुटतात. आमच्या प्रयोगशाळेत मी ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून त्यावर सोडते, आत किती सुटलं ते बघते, आणि मग एवढा मार खाऊन ते किती भार सोसतं ते मोजते. एकवीस वर्षं हेच करते आहे. नवरा म्हणतो, तुझ्या स्वभावाला शोभेल असं काम शोधलंस.

शेतात औषध फवारणाऱ्या ड्रोनचे हात, म्हणजे पंखे ज्यांच्या टोकाला असतात त्या नळ्या, आमच्याकडे तपासल्या जातात. त्यातला एक हात तळेगावजवळ हवेतच मोडला आणि ड्रोन एका बागेत कोसळला. ड्रोन आंजीच्या महिला बचत गटाचा, उडवणारी त्याच गटातली कुंदाबाई. पुरवठादाराचं म्हणणं, बाईने कुठेतरी आदळला आणि लपवलं. बाईचं म्हणणं, कुठेही आदळला नाही. अहवालात एक रकाना असतो, "चूक कोणाची". तो भरायला कोणीतरी जायला हवं होतं. चालकाची चूक ठरली तर कुंदाबाईचा परवाना रद्द आणि गटाचं यंत्र दुसऱ्याच्या हातात. नळीची ठरली तर प्रश्न आमच्याकडे येणार होता.

"मीच जाते," मी म्हणाले, आणि सगळे चकित झाले, कारण मी कधी कुठे जात नाही. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी टाकीत जास्त औषध मावावं म्हणून त्या नळ्या हलक्या करायचं ठरलं. त्यातले दोन थर काढायला मंजुरी मी दिली होती. "शेतावर उडणाऱ्या यंत्राला लागून लागून काय लागणार? फांदी!" असं मी बैठकीत म्हटलं होतं आणि लोक हसले होते. फांदीएवढाच मार देऊन मी नळी पास केली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला गाडीत रात्रभर खवखवत होतं.

वर्धा

सकाळी स्टेशनबाहेर पडले आणि पहिल्याच टपरीवर पोहे मागितले. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात, इथे त्यांना तर्रीत बुडवतात. लाल तवंगाखाली हरभरे, हरभऱ्यांखाली कुठेतरी पोहे.

"कुठून आल्या जी?" टपरीवाल्याने विचारलं.

"पुण्याहून."

"मंग तुमाले तिखट नाई जमत. राहू द्या, साधे देतो."

सांगलीच्या माणसाला हे ऐकून घेणं शक्य नाही. मी वाढीव तर्री मागून घेतली आणि त्याच्यासमोर एक अश्रूही न गाळता संपवली. पुढे बसस्थानकापर्यंत रिक्षात उचक्या देत होते. रिक्षावाला भला, त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि आश्रमाबद्दल पहिल्यांदा विचारलं ते तेव्हाच.

एसटीत तळेगावचं तिकीट मागितलं तर वाहकाने हात थांबवला. "कोनतं तळेगाव?"

जिल्ह्यात दोन तळेगावं आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "संत्र्याचं," मी म्हणाले. तो हसला आणि मागच्या बाईनेच उत्तर दिलं, "श्यामजी पंत म्हना ना मॅडम, नाई तं हिंगणघाटकडं जासान."

आर्वीच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी कमरेपर्यंत आलेली, मध्ये तुरीचे पट्टे, सोयाबीन शेंगांवर आलेलं. माती इतकी काळी की मला आमच्या भट्टीतून काढलेल्या पट्ट्यांची आठवण झाली. अर्ध्या तासाने आंजीची पाटी दिसली. कुंदाबाईचं गाव. उतरावं असं वाटलं, उठूनही उभी राहिले, मग आधी मोडलेला तुकडा पाहायचा असं स्वतःला बजावून खाली बसले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, लघवीले जाचं असंल तं ड्रायव्हरले सांगू काय?"

तळेगाव (श्यामजी पंत)

बागेचे मालक देवरावकाका मोटरसायकल घेऊन थांब्यावर उभे होते. पासष्टीचे, सडपातळ, खांद्यावर गमछा. बागेत शिरल्यावर तिसऱ्याच पावलाला माझा बूट चिखलाने धरून ठेवला आणि मी मोज्यावर पुढे गेले. काकांनी बूट ओढून काढला, झटकला आणि परत देताना म्हणाले, "आमची माती पाहुण्याले लवकर सोडत नाई."

संत्री हिरवीच होती, लिंबापेक्षा मोठी. खाली गळलेल्या फळांचा सडा. एका झाडाची फांदी चिरलेली होती आणि बुंध्याशी जमीन खचली होती.

"इथं पडलं. माही बुढी दोन मिंटं आंदी याच जागी वाकून फळं येचून राह्यली होती. मी चहासाठी हाक मारली म्हनून उठली." मग म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माह्या हाकेचा तिले उपेग झाला, असं सांगत फिरते आता."

ते हसले, मी हसू शकले नाही. एकवीस वर्षांत माझ्या नळ्या कितीतरी वेळा मोडल्या होत्या, पण नेहमी काचेच्या पेटीत. खाली कोणी वाकलेलं नसायचं.

ड्रोनचे तुकडे त्यांनी गोठ्यातल्या बाजेवर ठेवून वर पोतं टाकलं होतं. "मशीन देनाऱ्याचे दोन पोट्टे आलते न्याले. मी म्हटलं, पुन्याहून कोनी पाह्याले येईस्तोर हात नाई लावू देत."

मी बाजेवर बसून मोडका हात भिंगाखाली धरला. ड्रोनच्या पोटाला जिथे हात जोडलेला असतो त्याच्या चार बोटं पुढे तो तुटला होता. आतल्या थरांच्या फटीत फवारणीच्या औषधाची पांढरी भुकटी वाळून बसली होती. पडताना मोडलेल्या नळीत ती जाणं शक्य नव्हतं. म्हणजे थर आधीच सुटले होते, काही दिवस ते तसेच उडत होते आणि दर फवारणीला थोडे थोडे उघडत होते. कोणीतरी, कधीतरी, याला मारलं होतं. तुटलेल्या जागेशेजारी अंगठ्याच्या नखाएवढा एक लाल डागही होता. गाडीचा रंग लागला असेल असं समजून मी त्याचा फोटो घेतला.

काकूंनी गोळाभात वाढला. डाळीचे तिखट गोळे भातात कुस्करायचे आणि वरून हिंगाचं गरम तेल ओतायचं. आमच्याकडे भाताला आमटी लागते, इथे तेलानेच भागतं. मी दोनदा घेतला. निघताना काका म्हणाले, "पोरगी लय बराबर उडवते जी. तिच्यावर काई आनू नका."

"काका, जे सापडेल ते मी लिहिणार."

"लिहा ना. पन पुरतं पाहून लिहा."

आंजी (मोठी)

दुसऱ्या दिवशी सकाळी आंजीला उतरले. कुंदाबाईचं घर भाजीवाल्यांचं, घरामागे वांगी, पालक, कोथिंबीर. नवरा पहाटेच वर्ध्याच्या बाजाराला गेलेला. ती स्वतः अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. वय चौतीस-पस्तीस. मला पाहून उठली, पाणी दिलं, खुर्ची दिली आणि पुन्हा जुड्या बांधायला बसली. तिचे हात थांबत नव्हते, माझा पाय हलायचा थांबत नव्हता. आमचं तेवढं एक जुळलं.

"मशीन कुठे आदळली होती का?"

"नाई."

"तार? झाड? खांब?"

"नाई."

"उतरवताना जोरात बसली? गाडीत चढवताना पडली?"

"नाई जी. किती डाव विचारसान?" तिने आतून एक वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. रोजच्या उड्डाणाची नोंद. प्रत्येक ओळीत तारीख, शेत, आणि "दिसणारे नुकसान" या रकान्यात "नाही". एकही दिवस सुटलेला नव्हता. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. "ट्रेनिंगमंदी सांगतलं, ओरखडा, पोचा, चीर दिसली तं उडवू नका. मी रोज हात फिरवून पायतो. माह्या पोरीच्या डोक्यावरून फिरवत नसंन एवढा."

"पण नळी आधीपासून आतून सुटलेली होती. मार बसल्याशिवाय तसं होत नाही."

तिचा हात पहिल्यांदा थांबला. "म्हंजे मी खोटं बोलून राह्यली?"

मी वहीचं पान उलटलं. वास्तविक उत्तर द्यायला हवं होतं. ती उठली, जुड्या टोपलीत भरल्या आणि म्हणाली, "नाव काटाचं असंल तं काटा. पन चोर म्हनू नका. गावात मले ड्रोनवाली म्हनतात, आता आदळनवाली म्हनतीन."

संध्याकाळी वर्ध्याला परतले. कापसाच्या बाजाराचं आवार या दिवसांत रिकामं असतं, कापूस यायला अजून अवकाश आहे. त्या मोकळ्या आवारात मी येरझाऱ्या घातल्या. शेवटी पहारेकरी जवळ आला आणि काही हरवलं का म्हणून विचारू लागला. बाई खोटं बोलते आहे असं वाटत नव्हतं, आणि नळी खोटं बोलत नाही हे मला पक्कं माहीत होतं. दोघींचं एकाच वेळी खरं कसं असेल, ते काही केल्या सुचेना.

पुन्हा आंजी

तिसऱ्या दिवशी मी गेले ती खरं तर माफी मागायला. कुंदाबाई मळ्यात होती. सासूबाईंनी मला गोठ्याच्या सावलीत बसवलं. गोठ्यात एक पांढरी जोडी रवंथ करत होती. एका बैलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. त्याची शिंगं लाल होती. रंग फिका पडलेला, टोकाशी उडालेला, पण लाल तोच. मी फोनमधला त्या डागाचा फोटो काढून शिंगाशेजारी धरला. बैलाने फोन हुंगला.

"मावशी, शिंगांना काय लावलंय?"

"हिंगूळ हाय. पोळ्याचं. अजून गेलं नाई पूर्न."

आमच्या सांगलीकडे पोळा नसतो, बेंदूर असतो, तोही आषाढात. त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी इथे पोळा होऊन गेला हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी जपून विचारलं, "मशीन पोळ्यात नेली होती का?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "नेली ना! जे वावरात राबते, थे पोळ्यात उभं राह्यते. बैल राह्यते, आता ट्रॅक्टर बी राह्यते. मी सुनेले म्हटलं, तुहं काऊन नाई? साऱ्या आंजीत पहिल्यांदा एका बाईचं जनावर तोरनाखाली उभं राह्यलं, बाई!"

तेवढ्यात कुंदाबाई टोपली घेऊन दारात आली. सासूचं बोलणं तिने ऐकलं होतं. टोपली खाली ठेवून ती तशीच उभी राहिली.

"दाखवता का?" मी म्हटलं. "व्हिडिओ असेल ना?"

तिने फोन दिला. देवळापुढचं मैदान, आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगेत झुली घातलेले बैल. त्यांच्या रांगेत, चंद्या नावाच्या याच बैलाशेजारी, बाकावर ठेवलेला ड्रोन. सहाही हातांना बेगड गुंडाळलेली, पोटावर हळदीकुंकू. कोणीतरी म्हातारा पुढे होऊन झडती म्हणत होता. पोळ्यात अशी कवनं करून एकमेकांची फिरकी घेतात, हे मला सासूबाईंनी समजावलं.

"सहा पंख्याचा बैल आला, ना शेपूट ना शिंग, चारा खाय ना पेंड खाय, नुसता करते घिंग!"

सगळं मैदान हसलं. व्हिडिओतली कुंदाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तोरण तुटलं, पोळा फुटला आणि बैल घराकडे वळले. वळताना चंद्याने मान झटकली आणि त्याचं शिंग ड्रोनच्या एका हाताला लागलं. एवढंच. ढोलांच्या गजरात त्याचा आवाजही आला नाही. व्हिडिओतल्या कुंदाबाईने लगेच वाकून त्या हातावरून हात फिरवला, फाटलेली बेगड सरकवून पाहिलं, पदराने पुसलं आणि चंद्याच्या कपाळाला थोपटलं.

मी ते चार वेळा पाहिलं.

"मी पायलं ना जी," ती म्हणाली. "तुमीच पायलं आता. नुसता रंग लागला होता, ओरखडा बी नोयता. काय लिहू मी वहीत?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलं आदळली का. चंद्यानं मारलं नाई, त्यानं ओळख केली." मग खाली बघून म्हणाली, "आन् पोळ्याचं नाव काढलं असतं तं साहेब लोक म्हनले असते, बायांले मशीन देल्ली तं नटवत बसल्या."

मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला हायसं वाटलं. बैल सापडला होता. एवढ्या मोठ्या जनावराच्या शिंगापुढे माझे दोन थर कोण मोजणार? पुण्याला फोन लावला तर साहेबही खूश झाले. "बैल? अरे वा! मग प्रश्नच मिटला. यंत्र मिरवणुकीत नेलं, चालकाची चूक. आजच लिहून टाक आणि निघ."

कुंदाबाईने भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. काळपट मसाल्याची भाजी, आमच्या लालभडक रश्शापेक्षा गप्प पण जिभेवर उशिरा चढणारी. ती समोर बसली होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत, आणि मला दर वर्षी नव्या मुलांना मी जे शिकवते ते आठवत होतं. पहिल्याच दिवशी शिकवते. मार दिसत असेल तर वापरणाऱ्याने थांबायचं. मार दिसत नसेल, तर तो पोटात घेऊनही भागाने सगळा भार उचलला पाहिजे, कारण जे दिसत नाही त्यावर थांबा असं कोणाला सांगता येत नाही. ही बाई रोज हात फिरवून बघत होती. तिला दिसलं नाही. मलाही दिसलं नसतं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसा मी माझा दोष बैलाच्या शिंगावर टाकायला निघाले होते.

आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याच नळ्यांची आणखी यंत्रं या भागात त्या क्षणी उडत होती.

"अशी मशीन आणखी कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"आमच्या ग्रुपवर पाच जनी हायेत. काऊन?"

"त्यांना सांगा, आत्ताच्या आत्ता खाली उतरवा. उद्या सकाळी सगळ्या मशीन इथे आणायला सांगा."

ती ताडकन उठली. "फवारनीचे दिवस हायेत, मॅडम! माह्यापायी साऱ्या बायांचं काम बंद करता? थ्या मले शिव्या देतीन!"

"मला देऊ देत."

"तुमी चालल्या पुन्याले. मले इथंच राहाचं हाय." पण बोलता बोलता तिने फोन काढला होता आणि एकेकीला लावायला सुरुवात केली होती.

देवळापुढचा मंडप

चौथ्या दिवशी दहाच्या आत पाचही यंत्रं आली, कोणी ऑटोत, कोणी गाडीवर बांधून. पाचही बाया वैतागलेल्या. एकीने तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "पुन्याची मॅडम आली आन् हंगाम घेऊन चालली." मी ऐकून घेतलं.

मोठी यंत्रं माझ्याकडे नव्हती. पिशवीत होतं ते एक जाडसर नाणं. नळीवर नाण्याने हलके ठोके देत जायचं. धडधाकट असेल तर टिंग वाजतं, आत सुटलं असेल तर बद्द. मडकं घेताना वाजवून बघतात, त्यातलंच. पहिली दोन यंत्रं मी तपासली, बारा हात, बाराही हातांवर टिंग. बायांचे चेहरे आणखी आंबट झाले. बैलाचंच कारण असेल तर मी उगाच पाच जणींची सकाळ बुडवली होती.

"मले द्या," कुंदाबाई म्हणाली. "तुमचा हात लय घाईचा हाय."

खरं होतं ते. मी नाणं दिलं. ती उकिडवी बसली, डोळे मिटले आणि बोटभर अंतरावर एकेक ठोका देत चालली. तिसरं यंत्रही निर्दोष निघालं. चौथं प्रतिभा नावाच्या शेजारच्या गावच्या मुलीचं. ती आल्यापासून सांगत होती, "माह्या मशीनले काईच लागलं नाई. कव्हर शिवलं तिले मी. पोळ्यात बी नाई नेली, सासरे नाई म्हनले." तिने खरोखरच सहाही हातांना जुन्या साडीच्या खोळी शिवल्या होत्या. त्या काढल्यावर आतली नळी नव्यासारखी चमकत होती.

टिंग. टिंग. टिंग. पहिला हात झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर कुंदाबाई थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. बद्द. बोटभर पुढे, बद्द. त्यापुढे टिंग. तिने डोळे उघडले आणि नखाने दोन रेघा ओढून मधली जागा दाखवली. मी भिंगातून पाहिलं. काही नव्हतं. माझा कान लावला, स्वतः ठोकलं. बद्द.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ही तं पोळ्यात गेलतीच नाई."

प्रतिभा खाली बसली. "काल शाळेमागच्या वावरात उडवली," ती म्हणाली. "सुट्टी झालती. पोरं खाली उभे राहून पाहून राह्यले होते." आणि ती रडायला लागली. तिला काय लागलं, कधी लागलं, ते तिला माहीत नव्हतं, आजही कोणालाच माहीत नाही. एखादा खडा उडून लागला असेल, गाडीचं फळकूट लागलं असेल. एवढ्यातेवढ्याने सुटणारी नळी मी या बायांच्या हातात दिली होती.

मी तिथेच मंडपाच्या पायरीवर बसून अहवाल लिहिला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला, म्हणजे पुण्याला गेल्यावर मला त्यात खाडाखोड करायची सोय उरू नये. चालकाची चूक नाही. चालकाने दिसणारं नुकसान रोज तपासलं होतं. या नळ्या बदलेपर्यंत एकही यंत्र उडवू नये. नळीचे दोन थर कमी करायला मंजुरी देणाऱ्याचं नाव म्हणून मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. फोटो काढून तो साहेबांना पाठवला. फोन लगेच वाजू लागला. मी उचलला नाही.

कुंदाबाई पायरीपाशी आली. नाणं अजून तिच्या मुठीत होतं.

"म्हंजे थर तुमी कमी केलते?"

"हो."

"आन् मार किती लागंल, थे बी तुमीच ठरवलं?"

"हो. पुण्यात बसून ठरवलं. फांदी लागेल फार तर, असं म्हटलं."

मला वाटलं ती चिडेल. परवा मी तिला जवळपास चोर ठरवलं होतं, तिला चिडायचा हक्क होता आणि मी त्याची वाटच बघत होते. ती चिडली नाही. तिने एकदा प्रतिभाकडे पाहिलं, एकदा रांगेतल्या पाचव्या यंत्राकडे.

"आंजी काई लय दूर नोयती, बाई," ती म्हणाली. "ठरवाच्या आंदी एक डाव येऊन पाह्यलं असतं."

आणि पाचव्या यंत्रापाशी जाऊन बसली.